भाऊ ओरोसच्या जेलात आहे, घरच्यांनी आता काय करायचं?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. धाकटा भाऊ मुंबईला नोकरीत. शिमग्याला गावी आला, पालखीच्या रात्री भांडण झालं, समोरच्याच्या डोक्याला मार बसला आणि भावावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ लागलं, म्हणजे खुनाचा प्रयत्न. पाच दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आता तो ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्हा कारागृहात आहे. आईला अजून 'तो मुंबईला परत गेला' असंच सांगून ठेवलंय. काका, ज्यांची ओम्नी आहे आणि घरात ज्यांचा शब्द चालतो, ते म्हणतात कोणी जेलात जाऊ नका, चार लोकांत शोभा नको. ताईंना हवंय ते एवढंच: भेट कशी मिळते, पत्र पोचतं का, पैसे कसे पाठवायचे, आणि तो सुटेपर्यंत आपण नक्की करायचं काय.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात फौजदारी वकिली करते, चोवीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवेच्या पॅनलवर होते, त्यामुळे जेलच्या दाराशी ताटकळणारी माणसं अशिलांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

ताई, कायद्याचं नंतर. आधी आईला सांगा, आजच. देवगडसारख्या ठिकाणी ही बातमी फार दिवस झाकून राहत नाही. तुम्ही नाही सांगितलं तर मासळी बाजारात कुणीतरी 'काकी, झिलाचा (मुलाचं) काय झाला?' म्हणून विचारेल, आणि त्या वेळी आईच्या बाजूला तुमच्यापैकी कोणी नसेल. माझ्यासमोर अशा कितीतरी आया बसल्या. रडतात, पण कोसळत नाहीत. रडून झालं की पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला: "तो जेवता मा?" गुन्हा, कलम, वकिलाची फी हे सगळं त्यानंतर. शिवाय जामिनाच्या वेळी घराचा सातबारा लागणार, आणि तो आईच्या नावावर असेल तर त्या दिवशी सांगणार काय?

काकांचा मान ठेवा, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. दिवस मावळायच्या आत बराकीला कुलूप लागतं. मग रात्रभर तो आणि त्याचं डोकं. घरून कोणी आलं नाही याचा अर्थ तो 'कामं असतील' असा लावत नाही, 'मला टाकलं' असाच लावतो. लोकांचं म्हणाल तर वाडी चार दिवस बोलेल, मग आंब्याच्या पेट्यांत गुंतेल. बोलण्यापलीकडे जाऊन कोणी वाळीत टाकायची भाषा केली, देवळात येऊ नका, पाण्यावर येऊ नका म्हटलं, तर महाराष्ट्रात त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावकीच्या पुढाऱ्यांना हे बहुतेक ठाऊक असतं. तरी कोणीतरी शांतपणे आठवण करून दिलेली बरी.

आता भेट. जेलच्या भाषेत 'मुलाकात'. कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला चालू असलेल्याला, साधारण आठवड्यातून एकदा भेट मिळते. ई-मुलाकात म्हणून सरकारी ऑनलाइन नोंदणी आहे, तिथे प्रत्यक्ष भेटीची आणि व्हिडिओवरच्या भेटीचीही वेळ मागता येते. वार आणि वेळ जागेनुसार आणि सुट्ट्यांनुसार बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी जेलच्या ऑफिसला फोन करून विचारून घ्या. देवगडहून नांदगाव तिठा, कणकवली, मग ओरोस, एवढी एसटी बदलत आलात आणि दारावर 'आज वार नाही' ऐकलं, की म्हातारं माणूस पुन्हा यायला धजत नाही. आधारकार्ड मूळ न्या, झेरॉक्सवर अडवतात. भावाचं नाव गुन्ह्यात लिहिलंय तसंच सांगा, वडिलांच्या नावासकट. भेटायला कोण येणार त्यांची नावं आत त्याच्याकडून लिहून घेतात. तुमचं नाव त्याने दिलंय का, हे वकिलामार्फत आधीच बघून ठेवा.

पहिली भेट कशी जाते ते सांगते. मध्ये काच असते किंवा जाळी, बोलायला इंटरकॉमचा रिसीव्हर. वेळ पंधरा-वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं दोघंही रडता. पुढची दहा मिनिटं तो विचारतो, 'वकील काय म्हणाला, कधी सुटणार', आणि तुम्ही माहीत नसलेल्या गोष्टींची उत्तरं देता. तेवढ्यात शिपाई 'चला' म्हणतो आणि आईचा निरोप सांगायचा राहून जातो. म्हणून आईला आधी बोलू द्या. आणि त्या इंटरकॉमवर भांडणाच्या रात्रीबद्दल चकार शब्द नको. कोणी मारलं, दांडा कुठे गेला, साक्षीला कोण येणार, काही नको. तिकडे ऐकणारं कोणी असतं असं धरूनच बोलायचं. घटनेबद्दल त्याने फक्त वकिलाशी बोलावं. याच ओघात एक: ज्याला मार लागला त्याच्या घरी 'मिटवून टाकू' म्हणून तुमच्यापैकी कोणीही जायचं नाही, काका तर मुळीच नाही. तेच पुढे साक्षीदारावर दबाव म्हणून जामिनाला आडवं येतं.

आत काय न्यावं? विचारल्याशिवाय काही नाही. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात, तेव्हा साधे दोन जोड, टॉवेल, अंथरुणावर घ्यायची चादर, एवढं बहुधा घेतात. घरचं जेवण न्यायालयाच्या परवानगीशिवाय आत जात नाही, त्यामुळे घावणे बांधून नेऊ नका, दाराशी बसून तुम्हालाच खावे लागतील. एकदा एका जेलच्या झडतीच्या टेबलाशी मी उभी होते. एका आजींनी मुलासाठी नवा शर्ट आणला होता. शिपायाने कॉलर दोन बोटांत धरून चोळली, ब्लेडने टाका उसवला, आणि टेबलावर तंबाखूची बारीक रेघ सांडली. आजींनी रात्री बसून शिवून घेतली होती, टाके इतके बारीक की मी पाहतच राहिले. शिपाई बरा होता, समज देऊन सोडलं. पण असं काही आत नेणं कायद्याने गुन्हा आहे, आणि भेट बंद झाली तर ती मुलाचीच होते.

पत्राचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण पत्राला सगळे कमी लेखतात.

मालवणकडचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचा म्होरक्या, माझा अशील होता. चौदा महिने आत. बहिणीला प्रत्येक आठवड्याला येणं शक्यच नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेला बाप, पदरात पोरं. ती दर सोमवारी एक पोस्टकार्ड टाकायची, पन्नास पैशांचं. एकदा मुलाकातीच्या खोलीत त्याने तो गठ्ठा मला दाखवला, जुन्या बनियनच्या पट्टीने बांधलेला. वरची चार-पाच वाचली. 'मांगराची (गोठ्याची) कौलं उतरवली, सतरा फुटकी निघाली.' 'काळ्या बोक्याने सुके बांगडे नेले.' 'बाबांनी आज पेज मागून घेतली.' चार ओळींपेक्षा मोठं एकही नाही. धीर सोडू नको, देव आहे, सत्याचा विजय होईल, यातलं एकही वाक्य नाही. तो म्हणाला, "मॅडम, बुधवारी-गुरुवारी कार्ड येता. तोपर्यंत सतरा कौलांचो हिशेब करीत रवतंय." म्हणजे नवीन किती घालायची, नळीची की मंगलोरी, पावसाच्या आधी होईल का.

दुसरं एक घर होतं, खूप प्रेमळ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आठ पानी पत्र पाठवलं, सगळ्यांच्या सह्या, पोरांची चित्रं. नंतर तीन महिने काही नाही. तो मुलगा मला विचारायचा, घरी कोणी गेलंय का.

म्हणून ताई, दर आठवड्याला जाईन असं भावाला कबूल करू नका. महिन्यातून एकदा झेपत असेल तर एकदाच म्हणा आणि ते चुकवू नका. मधल्या आठवड्यांना कार्ड. वार ठरवा. कार्डावर वर कोपऱ्यात आकडा टाका, १, २, ३. मधलं एखादं पोचलं नाही तर त्याला ते कळतं, आणि तुम्ही लिहायची बंद झालात असं वाटत नाही. पत्त्यावर त्याचं पूर्ण नाव, बंदी (म्हणजे कैदी) क्रमांक, कारागृहाचं नाव. आत देण्याआधी पत्र वाचलं जातं, तेव्हा केसबद्दल इथेही काही नको, पाकिटात नोटा तर नकोच. भावाला लिहिता-वाचता येतं म्हणून ठीक. ज्यांना येत नाही त्यांची पत्रं बराकीतला दुसरा कैदी वाचून दाखवतो. अशा वेळी घरातल्या तरण्या मुलींची, जमिनीच्या पैशांची, लग्नाच्या बोलण्याची बातमी कार्डावर घालू नये.

महाराष्ट्रातल्या अनेक कारागृहांत आता नोंदवलेल्या नंबरावर फोन करायचीही सोय आहे. फोन काही मिनिटांचाच असतो आणि तो कधी करायचा हे त्याच्या हातात नसतं. तेव्हा नोंदवलेलं सिम बदलू नका. आणि तुमच्या गावात रेंज फक्त आंब्याच्या कलमाखालच्या कातळावर येत असेल, तर त्याच्या फोनच्या वेळी कोणीतरी त्या कातळावर बसलेलं हवं.

पैशांचं थोडक्यात. त्याच्या नावाने आत खातं असतं, मनीऑर्डरने पैसे जमा होतात, त्यातून तो कँटीनमधून साबण, बिस्किटं, चहापावडर घेतो. महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती बदलत राहते, खिडकीवर विचारा. मर्यादेइतके पाठवायलाच हवेत असं काही नाही. खात्यावर जास्त पैसे असले की भोवती मित्रही जास्त जमतात, आणि तसले मित्र आत नकोत. उरलेले वकिलाला आणि एसटीला ठेवा. 'मी जेलातून बोलतोय, तुमच्या भावाला मारलंय, दवाखान्यात न्यायचंय, या नंबरवर पैसे टाका' असा फोन आला तर कट करा आणि जेलच्या ऑफिसला स्वतः फोन लावा. असे भामटे एफआयआरमधून घरची नावं शोधून काढतात.

तब्येतीचं लांबणीवर टाकू नका. बीपी, साखर, फिट, डोक्याच्या गोळ्या, यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तुमच्या भावाला आता काही आठवडे झालेत म्हणून तो टप्पा गेला, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते: रोज पिणारा माणूस अटक झाला तर त्याच दिवशी पोलिसांना आणि डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा. दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, भास होतात, फिटही येते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. घरचे लाजेने गप्प बसतात आणि कोठडीतले समजतात, नाटक करतोय. दुसरा धोक्याचा काळ म्हणजे जामीन फेटाळल्यानंतरचे दिवस. भेटीत तो 'आता माझी वाट बघू नका' असं काही बोलला, किंवा अगदीच गप्प गप्प वाटला, तर घरी येऊन चर्चा करत बसू नका. दारातून बाहेर पडण्याआधी तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याला सांगा, लेखी द्या. तुमचं स्वतःचं मन थाऱ्यावर नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आता तारखा आणि जामीन. कोठडीची मुदत दर पंधरवड्याच्या आत वाढवून घ्यावी लागते. त्या तारखेला त्याला देवगडच्या कोर्टात आणलं तर तुमच्यासाठी ओरोसपेक्षा ती जवळची भेट. दोन मिनिटं बोलू द्यावं अशी विनंती वकील न्यायाधीशांना तोंडी करू शकतात. पण हल्ली बऱ्याचदा व्हीसीवरच, म्हणजे जेलातून व्हिडिओवरच, उभं करतात, म्हणून आदल्या दिवशी विचारा. केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर वकिलाकडून घेऊन ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख तुम्हालाच दिसेल, वकिलाच्या मागे लागायला नको. एमसीआर झाली म्हणजे पोलीस कोठडी कायमची संपली असंही धरू नका. नव्या कायद्यात पंधरा दिवसांची पीसीआर तुकड्यातुकड्यांनीही मागता येते. पुन्हा नेलं तर घाबरून जाऊ नका.

कलम १०९ मध्ये दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून जामिनाचा अर्ज ओरोसच्या सत्र न्यायालयात होईल. तिथे नाही मिळाला तर उच्च न्यायालय, आणि त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. एक तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा: पहिल्यांदा न्यायाधीशांनी कोठडी दिली तो दिवस धरून नव्वदावा दिवस. तोवर पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही तर जामीन हा त्याचा हक्क होतो. मात्र अर्ज त्याच क्षणी तयार हवा. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की तो हक्क गेला. 'अर्धी शिक्षा भोगली की सोडतात' असं कोणी सांगेल. तसं कलम आहे, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांशावरही आहे, पण जन्मठेपेची शिक्षा असू शकते अशा गुन्ह्यांना ते लागू नाही. त्यावर आशा लावू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००.

आणि सातबारा. यात माझी स्वतःची चूक सांगते. एका बाईंच्या मुलाला श्रावणात जामीन झाला. मी उत्साहाने म्हणून गेले, "काकी, चतुर्थीक घरात असतलो." जामीनदार मामा तयार होते, पण त्यांचा सातबारा कोकणातला सातबारा होता: तेवीस नावं, त्यातली दोन कधीच वारलेली, वारस नोंद नाही, चार मुंबईला, एक बडोद्याला. सामाईक जमिनीवर एकट्याचा जामीन घ्यायला कोर्ट तयार नाही. मग दुसरा जामीनदार, त्याचा ऐपतीचा दाखला, एका कार्यालयात कारकून रजेवर, मग मधे सुट्ट्या. मुलगा सुटला तेव्हा गणपती पोचवून झाले होते. गणपती जेलातही बसतो, आरत्या होतात, पण कोकणातल्या माणसाला गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला कांगले, हरणं, कवंडळं ही रानफळं-फुलं कोण बांधत असेल हाच विचार. त्याच्या आईने मला एका शब्दाने बोललं नाही. त्यानंतर मी कोणाला तारीख दिलेली नाही, आणि तुम्हीही भावाला देऊ नका. चतुर्थीला माटवी कोण बांधणार ते मात्र त्याला कार्डावर कळवा.

तुम्ही आत्ताच, अर्ज व्हायच्या आधी, एकट्याच्या नावावरचा सातबारा किंवा घरपत्रक असलेला माणूस शोधून ठेवा. नसेलच तर रोख जामिनावर तात्पुरती सुटका आणि जामीनदारासाठी मुदत, असा अर्ज वकील करू शकतात. खरोखर गरिबी असेल तर केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे, जामिनासाठी पैशांची मदत. त्यासाठीही विधी सेवा प्राधिकरणच. जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आहे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालय आपणहून करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. हे वाक्य कागदावर उतरवून वकिलाला दाखवा.

पुढे शिक्षाच झाली तर कळंबा किंवा येरवड्याचं कारागृह, संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल), हा सगळा वेगळा विषय आहे. तो आज डोक्यात घेऊ नका.

सुटकेचा कागद जेलात संध्याकाळची बराक बंद व्हायच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर आणखी एक रात्र. पोचला तरी नोंदी, सह्या, त्याच्या वस्तू परत मिळणं यात उजेड मावळतो, आणि ओरोसहून तुमच्याकडे जाणारी शेवटची एसटी तोवर गेलेली असते. मोबाइल मुद्देमालात अडकलेला, खिशात पैसे नाहीत. अटकेच्या वेळची चप्पल बऱ्याचदा सापडत नाही, त्याच्या मापाची एक घेऊन जा. आणि त्या दिवशी काकांना सांगा, ओम्नी घेऊन चार वाजल्यापासून जेलच्या दाराशी उभे राहा.